साखर पुरवठादाराने ‘आमच्याकडे वेठबिगार नाहीत’ असं लिहून दिलंय. प्रत्यक्षात तपासायचं काय?

खरेदी_कक्ष

नमस्कार. आमची कंपनी बिस्किटं आणि जॅम बनवते, थोडा माल ब्रिटनला जातो. तिथल्या खरेदीदाराने आधुनिक गुलामगिरीवर लांबलचक प्रश्नावली पाठवली आहे. साखर वर्षाला साधारण ६०० टन लागते. बहुतेक पश्चिम महाराष्ट्रातल्या दोन कारखान्यांकडून थेट येते, उरलेली व्यापाऱ्याकडून. दोन्ही कारखान्यांनी लेटरहेडवर लिहून दिलंय: ‘आमच्याकडे बालकामगार अथवा वेठबिगार नाहीत. ऊसतोड मजूर हे ठेकेदाराचे आहेत.’

हे पत्र जोडून प्रश्नावली परत पाठवली तर कदाचित चालेलही, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. उचल (हंगामाआधी मजुरांना मिळणारी आगाऊ रक्कम) दिली म्हणजे ती वेठबिगारीच का? तपासणी नेमकी कशाची आणि कधी करायची? आणि काही सापडलं तर त्या कारखान्याची साखर घेणं बंद करायचं का?

फडावरचा_हिशेब

पत्रातलं दुसरं वाक्य आधी वाचा. ‘मजूर ठेकेदाराचे आहेत’ हे खरं आहे, आणि तपासणी तिथूनच सुरू व्हायला हवी. कारखाना तोडणी-वाहतूक करार वाहतूकदाराशी करतो आणि त्याला आगाऊ रक्कम देतो. वाहतूकदार ती मुकादमाला, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्याला देतो, आणि मुकादम बीड, धाराशिव, जालना, परभणी, पाथर्डी-शेवगाव या भागांतल्या जोडप्यांना. म्हणजे मजुराच्या डोक्यावरचा पैसा निघतो कारखान्याच्याच तिजोरीतून, किंवा कारखान्याच्या हमीवर बँकेने दिलेल्या कर्जातून. सही मात्र प्रत्येक पायरीवर दुसऱ्याची. कुठल्याही ऑडिटरने मजुरांचं हजेरीपत्रक मागितलं की कारखान्याकडे ते नसतंच.

आता एका कोयत्याचा हिशेब. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल १ लाख रुपये. जोडी दिवसाला २ टन तोडते, प्रत्यक्ष तोडणीचे दिवस १२०, दर टनाला ३६६ रुपये धरा. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली, तेव्हाचा हा मूळ दर. गाडी सेंटर (बैलगाडीची टोळी), डोकी सेंटर (डोक्यावरून मोळ्या वाहून गाडी भरणारी टोळी) आणि अंतर यांनुसार तो बदलतो.

२ × १२० × ३६६ = ८७,८४० रुपये. एकही दिवस न बुडता उचलीतले १२,१६० फिटायचे राहिले. आठवडी बाजाराला मुकादम जी खर्ची देतो ती आठवड्याला १,००० धरली तर १७ आठवड्यांचे १७,००० त्यात मिळवा. बाकी झाली २९,१६०. कुणी आजारी पडलं नाही, बैल मेला नाही, असं गृहीत धरून हा आकडा आहे. जोडीने २ ऐवजी पावणेदोन टन तोडला तर कमाई ७६,८६० वर येते आणि बाकी चाळीस हजारांपुढे जाते.

ही बाकी पुढच्या हंगामावर फिरते. म्हणून पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या टोळीत जायचं, दुसरा जास्त दर देत असला तरी. नाहीतर दुसरा मुकादम आधीची बाकी पहिल्याला चुकती करतो आणि तेवढी उचल जोडप्याच्या नावावर चढवतो. जोडप्याच्या हातात यातला एक रुपयाही येत नाही, फक्त धनको बदलतो. तपासणीत सर्वांत आधी शोधायची गोष्ट ही.

त्यासाठी कॅलेंडर लक्षात ठेवा. बहुतेक ऑडिट जानेवारीत होतात, कारण तेव्हा कारखाना चालू असतो आणि फड, म्हणजे तोडणी चालू असलेलं शेत, बघायला मिळतो. पण कर्ज तयार होतं जून ते सप्टेंबर, बुकिंगच्या वेळी, मजुराच्या गावात. आणि हिशेब होतो पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये. जानेवारीत तुम्हाला ऊस दिसेल, कोयता दिसेल, कर्ज दिसणार नाही. निदान तीन फेऱ्या करा: ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गावात, डिसेंबर-जानेवारीत तळावर (मजुरांच्या झोपड्यांच्या वस्तीवर), आणि पट्टा पडल्यापासून १५ दिवसांत पुन्हा गावात. पैसा एकाच फेरीचा असेल तर शेवटची ठेवा.

कागद कुठले मागायचे? वजनकाट्याच्या पावत्या प्रत्येक कारखान्याकडे असतात आणि त्या बदलणं अवघड, कारण शेतकऱ्याचं बिल त्यांवरच निघतं. एक पंधरवडा निवडा. पाच वाहनांचे नंबर तुम्ही स्वतः निवडा, कारखान्याला निवडू देऊ नका. त्या वाहनांचं पंधरवड्यातलं एकूण वजन काढा, तोडणी दराने गुणा. मग त्या वाहनांवरच्या टोळ्यांतल्या जोड्यांना विचारा की त्यांच्या नावावर किती टन लागले. मुकादमाची वही मागा. तिन्ही आकडे एका ओळीत मांडा. तफावत बहुधा इथे सापडते:

– वजनाची पावती मजुराला दाखवलीच जात नाही, मुकादम तोंडी सांगतो तो टनेज.
– मुकादमाचं कमिशन तोडणी बिलाच्या २० टक्के असतं आणि ते कारखान्याने वेगळं द्यायचं असतं. ते मजुराच्या बिलातूनही कापलं जातं का, बघा.
– खाडा. एक दिवस काम चुकलं की दंड, आणि तो त्या दिवसाच्या कमाईपेक्षा मोठा. आजारपण आणि बाळंतपणसुद्धा खाड्यात धरलेलं आढळतं.
– गव्हाण (कारखान्यात ऊस टाकायची जागा) बंद पडली, पाऊस आला, गाडी वेळेवर आली नाही. त्या दिवसांची कमाई शून्य, खर्ची मात्र चालू. हा भार मजुरावर टाकायचं काहीच कारण नाही.

आकारमानाचा अंदाज असू द्या. रोज ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्याचा सगळा ऊस हाताने तोडला जात असेल तर २,५०० कोयते लागतात, म्हणजे दोन-अडीचशे टोळ्या. वीस टोळ्या तपासल्या तरी चित्र कळतं, पण त्यात बैलगाडीच्याही घ्या आणि ट्रॅक्टरच्याही. गेस्ट हाऊसशेजारच्या तळावरच्या दोन टोळ्या बघून परत येणं म्हणजे तपासणी नव्हे.

कामगार_कायदा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. उचल घेणं-देणं हा आपोआप गुन्हा नाही. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा, १९७६ एवढंच बघतो की आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाने काही गमावलं का. दुसरीकडे काम करण्याची मोकळीक, हवं तिथे जाण्याची मोकळीक, आपली मेहनत बाजारभावाने विकण्याचा हक्क, किंवा किमान वेतन. चारपैकी एक गेलं तरी पुरे, चारही जावे लागत नाहीत.

किमान वेतनाचा मुद्दा लोक विसरतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या एशियाड कामगारांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही संविधानाच्या कलम २३ खालची सक्तीची मजुरी आहे. मारहाण, कुलूप, पहारा यांची गरज नाही, भुकेची सक्तीही सक्तीच. तेव्हा वरच्या हिशेबातले दिवसाचे ७३२ रुपये (२ × ३६६) दोन माणसांत वाटा, कामाचे तास मोजा, आणि त्या दिवशी लागू असलेल्या किमान वेतनाशी ताडून बघा. पहाटे चारला फडात जाणं आणि रात्री गाडी भरणं हे दोन्ही तासांत धरायचं. जोडीची कमाई एका माणसाची म्हणून दाखवली असेल तर तो तक्ता तिथेच परत करा.

कायद्यातली आणखी तीन कलमं जवळ ठेवा. कलम ६ नुसार वेठबिगारीचं कर्ज संपुष्टात आलेलं आहे, ते वसूल करता येत नाही. ‘बाकी फेडल्याशिवाय जाता येणार नाही’ या वाक्याला कायद्यात आधारच नाही, मग ते शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेलं असलं तरी. कलम १५ नुसार, हे कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर आहे, मजुरावर नाही. आणि कलम १६ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड आहे.

मजुराला विचारण्याजोगा सर्वांत उपयोगी प्रश्न एकच: ‘उद्या सकाळी गाठोडं बांधून गावी निघालात, तर काय होईल?’ उत्तर ‘पैसे परत द्यावे लागतील, हळूहळू देऊ’ असं आलं तर पुढे चौकशी करा. ‘जाऊच देणार नाहीत’, ‘भावाला धरून नेतील’, ‘बैल ठेवून घेतील’, ‘गावात येऊन मारतील’ यांतलं काही आलं तर ती वेठबिगारी आहे, आणि उचल दहा हजारांची आहे की दोन लाखांची याने फरक पडत नाही.

खरेदी_कक्ष

दोघांचेही आभार. मग करारात सरळ ‘उचल बंद’ अशी अट घालू का? खरेदीदाराच्या प्रश्नावलीतही तसाच रकाना आहे: मजुरांना आगाऊ रक्कम दिली जाते का, हो किंवा नाही.

शेतकी_खाते

कृपा करून ती अट घालू नका. रकान्यात ‘नाही’ येईल आणि उचल पुढच्या आठवड्यात रोखीने दिली जाईल. आज निदान वाहतूकदाराच्या खात्यात नोंद तरी दिसते, उद्या तीही दिसणार नाही.

उचल का लागते ते बघा. कोरडवाहू गावात मार्च-एप्रिलला मजूर परततो. त्यानंतर पेरणी, शाळा, आजारपण, लग्न, आणि दसरा-दिवाळीपर्यंत हाताला काम नाही. या सहा महिन्यांची ही सोय आहे. ती काढून घ्यायची तर तिच्या जागी काहीतरी द्यावं लागेल. शिवाय वाहतूकदारही यात भरडला जातो. मुकादम लाखो रुपये घेऊन ऐन वेळी टोळीच आणत नाही, अशा तक्रारी प्रत्येक हंगामात असतात. मग तो वसुलीसाठी मजुराच्याच दारात जातो. मजुरावरचा दाब कुठून येतो ते यावरून कळेल.

तेव्हा उचल राहू दे, पण तिच्यातला फास काढा. करारात या अटी घाला, आणि त्या कारखाना, वाहतूकदार, मुकादम अशा तिन्ही करारांत उतरल्या आहेत हे कागदावर बघा:

उचल बिनव्याजी. रक्कम इतकीच की साधारण हंगामात साधारण जोडीकडून ती फिटावी. वरच्या दराने आणि पावणेदोन टनाने कमाई ७६,८६० होते. त्यातली निम्मीच वसूल करायची (पुढची अट बघा), तर ती अडतीस हजारांच्या आसपास येते. मजुराने मागितली म्हणून जास्त दिली, हे उत्तर मान्य करू नका. जास्तीची गरज असेल तर ती तोडणी दरातून भागली पाहिजे.

पंधरवड्याच्या बिलातून वसुली निम्म्यापेक्षा जास्त नाही, बाकीची रक्कम त्याच आठवड्यात खात्यावर. सगळं बिल उचलीत वळतं करून घेतात, म्हणून खर्चीसाठी मुकादमापुढे हात पसरावा लागतो.

पट्टा पडल्यावर उरलेली बाकी माफ. ती पुढच्या हंगामावर फिरवायची नाही, दुसऱ्या मुकादमाला विकायची नाही. यावर सर्वांत जास्त विरोध होईल आणि इथेच ठाम राहायचं. तोटा कोण सोसणार हे आधीच ठरवा. तो वाहतूकदारावर ढकलला तर तो मजुरापर्यंत पोहोचणारच. कारखान्याने आणि तुम्ही मिळून सोसायचा.

प्रत्येक कोयत्याला मराठीतलं हिशेबाचं पुस्तक: उचल, खर्ची, रोजचं टनेज पावती क्रमांकासह, कपात, शिल्लक. वाचता न येणाऱ्यांसाठी वजन होताच मोबाईलवर आवाजी संदेश.

बिनतारखेचे चेक, कोरे स्टॅम्पपेपर, आधार किंवा रेशनकार्डाची मूळ प्रत कुणीही ठेवून घ्यायची नाही. तपासणीला जाल तेव्हा मुकादमाच्या पेटीत काय आहे ते बघा.

आणि आता तुमच्या वाट्याचं. साखरेचा उतारा १० टक्के धरला तर ६०० टन साखरेला ६,००० टन ऊस लागतो. २ टनांनी ३,००० कोयता-दिवस, म्हणजे १२० दिवसांच्या हंगामात २५ जोड्या. तुमच्या बिस्किटांमागे २५ जोडपी हंगामभर राबतात, पन्नास माणसं. तोडणीचा दर टनाला १०० रुपयांनी वाढवला तर साखर किलोमागे एक रुपयाने महागते, वर्षाचे सहा लाख. हा रुपया साखरेच्या भावात मिसळून दिला तर तो जिरेल. वेगळी नोंद करा, तोडणी बिलात वेगळी ओळ मागा, आणि मजुरांच्या खात्यांवर पैसे जमा झाल्याची बँकेची यादी दर पंधरवड्याला मागा. खरेदी विभाग एका हाताने नैतिकतेची प्रश्नावली पाठवतो आणि दुसऱ्या हाताने क्विंटलमागे पन्नास रुपये कमी करा म्हणतो, तेव्हा कारखान्याच्या शेतकी खात्याला दुसऱ्या हाताचंच ऐकावं लागतं.

कोपीवरून

बाईचा मुद्दा अजून आलाच नाही. कोयता दोघांचा, पण उचल, करार, अंगठा, बँक खातं सगळं नवऱ्याचं. बाईने किती तोडलं, तिला किती मिळालं, याची नोंद कुठेही नसते. त्यामुळे नवरा वारला किंवा सोडून गेला तरी बाकी तिच्या डोक्यावर येते. खाती दोघांची वेगळी, रक्कम निम्मी-निम्मी, ही अट वरच्या यादीत घाला.

मुलाखतीला बाईच पाठवा, मराठवाड्यातली बोली समजणारी. वेळ दुपारची नको, तेव्हा तळावर म्हातारी माणसं आणि लहान मुलंच असतात. गाडी भरून आल्यावर चूल पेटते, तेव्हा जा. प्रश्नांचा कागद हातात धरून बसू नका. भाकरी थापणारी बाई एका हाताने काटवटीत पीठ मळत असते, नजर चुलीतल्या पाचटाच्या जाळावर असते, आणि खरं बोलणं त्या वेळात होतं. मुकादमाचा माणूस शेजारच्या कोपीच्या (झोपडीच्या) आडोशाला येऊन बसला की ती विषय बदलते. तो बदल टिपून ठेवा, आणि तिला पुढे काही विचारू नका.

बघायच्या गोष्टी: पाणी किती लांब, संडास आहे का, रात्री उजेड आहे का, पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तर खाडा लागतो का. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्याला चौकशी करावी लागली. तो प्रश्न दवाखान्याइतकाच खाड्याचाही आहे. दहा-बारा वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळत तळावर असेल तर ‘ती काम करत नाही’ असं उत्तर येईल. तिची शाळा कुठली, हंगामात तिचं नाव कुठल्या पटावर आहे, हे विचारा. मोळ्या बांधायला वाढे (उसाचे शेंडे) गोळा करणं हेही कामच आहे.

ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाची नोंदणी ग्रामपंचायत अधिकाऱ्यामार्फत (पूर्वीचे ग्रामसेवक) होते आणि ओळखपत्र मिळतं. ते किती जणींकडे वेगळं, स्वतःच्या नावाचं आहे, ते मोजा.

कामगार_कायदा

तिसरा प्रश्न राहिला: सापडलं तर काय.

आधी माणूस, मग कागद. मुलाखत देणाऱ्याचं नाव, टोळी, तळ कारखान्याच्या अहवालात कधीही जाऊ देऊ नका. एका तळावर एकाच जोडीशी बोलू नका, म्हणजे ‘कोण बोललं’ हे कळणार नाही. कुणाला डांबून ठेवलंय, मारहाण झालीय किंवा मूल कामाला आहे असं दिसलं तर कारखान्याशी चर्चा करत बसायचं नाही. मुलासाठी १०९८, इतरांसाठी जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी. १९७६ च्या कायद्याखाली अधिकार त्यांच्याकडे आहेत आणि जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समितीही असते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. मुक्तता प्रमाणपत्र मागा, त्यावाचून पुनर्वसनाची रक्कम अडते. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत ३० हजार रुपयांपर्यंत आहे आणि ती खटल्याच्या निकालावर अवलंबून नाही. पुढची रक्कम पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, अतिगंभीर शोषणात ३ लाख. मजूर बेळगावच्या बाजूला सापडला तर सुटका तिथल्या जिल्ह्यात आणि पुनर्वसन गावाकडे, म्हणून दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना प्रत द्या.

फिरती बाकी, खाडा, कमी वजन अशा गोष्टी आढळल्या तर खरेदी लगेच बंद करू नका. मधल्या हंगामात करार तोडला तर वाहतूकदार टोळी परत पाठवतो, उचल तशीच अंगावर ठेवून. ३० दिवसांत सर्व बाक्यांची यादी, ६० दिवसांत चुकीच्या कपाती खात्यावर परत, पुढच्या बुकिंगपूर्वी नवे करार, अशी मुदत द्या. मुदत पाळली नाही, किंवा मजुरांवर सूड उगवला, तर पुढच्या हंगामाची ऑर्डर द्यायची नाही. हे आधीच लिहून कळवा.

व्यापाऱ्याकडची साखर आत्ता बाजूला काढा. पोत्यावर कारखान्याचं नाव आणि हंगाम असतो, त्याची नोंद आवक रजिस्टरमध्ये ठेवायला सुरुवात करा. मूळ कारखाना कळत नसेल तर प्रश्नावलीत तसंच लिहा.

प्रश्नावलीत ‘वेठबिगारी आढळली नाही’ असं लिहू नका. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्यातलं कलम ५४ वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंडांवर उलाढाल असलेल्या कंपन्यांकडून निवेदन मागतं, त्यावर संचालकाची सही असते. तुमचं वाक्य तो संचालक सहीखाली घेणार आहे. युरोपला माल जात असेल तर १४ डिसेंबर २०२७ पासून तिथे सक्तीच्या मजुरीतून बनलेल्या मालावरच बंदी आहे, कच्च्या मालाच्या पायरीसकट. तेव्हा असं लिहा: दोन कारखाने, इतक्या टोळ्या तपासल्या, इतक्या जोड्यांवर फिरती बाकी सापडली, सरासरी इतकी, त्यातली इतकी माफ झाली, इतकी राहिली. ‘आगाऊ रक्कम दिली जाते का’ या रकान्यात ‘हो’ लिहा आणि खाली अटींचा तक्ता जोडा.

खरेदी_कक्ष

दोन्ही कारखान्यांना वजनकाट्याच्या पावत्या आणि मुकादमांची यादी मागणारं पत्र आज पाठवतो. ऑगस्टच्या फेरीसाठी पाथर्डी आणि बीड भागातली बोली जाणणाऱ्या दोन महिला मुलाखतकार हव्या आहेत. कुणाच्या माहितीत असतील तर निरोप टाका. आणि २५ जोड्यांचा तो हिशेब सोमवारच्या बैठकीत सहा लाखांच्या मागणीसोबत जोडतोय.